ब्रेक न लावणारा काळुराम

पेण एसटी स्टँडवर मी एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, उशिरा आलेल्या ड्रायव्हरवर डाफरायचं आणि प्रवाशांच्या शिव्या पोटात घालायच्या, हे माझं काम. इतक्या वर्षांत गाडी हाकणारे मी ढिगाने पाहिले. गाडीची काळजी करणारा मात्र एकच पाहिला, आणि तो एसटीत नव्हता. तो आमच्याच गावचा काळुराम. स्वतःच्या एका म्हाताऱ्या डिझेल पिकअपवर पोट भरणारा.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं. काळुरामचा बाप मिठागरावर राबला आणि काळुरामनेही ऐन तारुण्याची दहा-बारा वर्षं तिथेच उन्हात काढली. मग कुठून तरी जमवाजमव करून त्याने अलिबागच्या एका मासळीवाल्याची पिकअप घेतली. तेव्हाच ती तीन मालक फिरून आली होती. तिचा मूळ रंग निळा की हिरवा यावर गावात वाद होता. मासळीचा वास जायला दोन पावसाळे लागले. पण एंजिन खणखणीत होतं, आणि काळुरामला तेवढंच ऐकू येत होतं.

काळजी हाच काळुरामचा खरा धंदा होता. वाहतूक आपली जोडधंदा म्हणून. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी तो बॉनेट उघडायचा. ऑइलची काडी काढून अंगठ्यावर पुसायचा, तो अंगठा उन्हात धरायचा, वास घ्यायचा. मग पाणी बघायचं, पट्ट्याला बोट लावायचं, डिझेलच्या फिल्टरखाली हात फिरवून ओल आहे का ते बघायचं. हीटर तापवून स्टार्टर मारला की गाडी एकदा काळा धूर ओकायची आणि मग लयीत यायची. ती लय जराशी बदलली तरी हा हातातली भाकरी ताटात टाकून उठायचा. त्याची बायको चंद्रावती मोठी ठसकेबाज. ती म्हणायची, "मी रातभर खोकले तरी यांना जाग येत नाय. ती एकदा खोकली की धावत भायेर जातात."

काळुराम त्यावर हसायचा. पण तिचं बोलणं काही अगदीच खोटं नव्हतं.

वर्षाचं त्याचं गणित ठरलेलं होतं. माघापासून वैशाखापर्यंत मिठागरावरून मिठाच्या गोणी वाहायच्या. पाऊस लागला की थोडं खत, थोडं बियाणं. आणि आषाढ संपला की गणपती. पेणजवळच्या हमरापुरात घराघरात मूर्ती होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मूर्ती गिऱ्हाइकाच्या पाटापर्यंत सुखरूप जातात कशा, याचा विचार कोणी करत नाही. त्या काळुरामसारख्या माणसांच्या हातून जातात.

आता इथेच खरी मेख आहे, आणि ती खारेपाटाबाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावी लागते.

ओल्या मिठाच्या गोण्यांतून सारखं पाणी निथळत असतं. ते हौद्याच्या फटींतून खाली उतरतं आणि गाडीच्या पोटाला लागतं. साधं समुद्राचं पाणी त्यापुढे सरबत म्हणावं इतकं ते खारट. मीठ वाहणाऱ्या गाडीचं पोट रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायला हवं, हे काळुरामला काय कळत नव्हतं? सगळ्यांत जास्त त्यालाच कळत होतं. पण आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. बायका पहाटेपासून रांगा लावायच्या. चंद्रावती एकावर एक दोन हंडे डोक्यावर घेऊन यायची तेव्हा तिच्या मानेच्या शिरा ताठ दिसायच्या. ते पाणी गाडीखाली ओतायला काळुरामचा हात धजेना. मग तो काय करायचा? गाडी बंदरावर न्यायचा आणि खाडीच्या पाण्याने मारे घसघसून धुवायचा. वरचा चिखल जायचा, गाडी चकचकीत दिसायची, आणि खाली मिठावर मीठ चढायचं. आमच्याकडचे सगळेच मीठवाले हेच करायचे. एंजिनच्या एका ठोक्यावरून बिघडलेलं नोझल ओळखणारा माणूस हा, पण गाडी धुवायची वेळ आली की डोळे मिटून घ्यायचा.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू गणपतीची.

शाडूची मूर्ती म्हणजे नुसती वाळलेली माती. ब्रेक मारला की हौद्यातला सगळा माल पुढे झुकतो. झुकला की कुणाचा हात निखळतो, कुणाची सोंड तडकते. आणि बोट तुटलेली मूर्ती कोणी घरात घेत नाही, तिला थेट पाण्यात सोडावी लागते. म्हणून मूर्ती वाहणारे ड्रायव्हर ब्रेक लावतच नाहीत. शंभर पावलं आधी पुढचं ओळखायचं, पाय उचलायचा, एक-एक गिअर उतरवत आणायचा, आणि गाडी जणू आपल्याच मर्जीने थांबली असं वाटलं पाहिजे. काळुरामला या कसबाचा फार अभिमान. तो हमरापूरहून निघाला की थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत ब्रेकच्या पायडलला पाय लागला नाही, असं मिशीला पीळ देऊन सांगायचा. पंधरा वर्षांत त्याच्या गाडीत एक मूर्ती दुखावली नव्हती. हळूहळू ही सवय त्याच्या पायातच भिनली. मूर्ती असो, मीठ असो की विटा असोत, हा गिअरवरच गाडी थांबवायचा.

म्हणजे उन्हाळाभर मीठ ज्या ब्रेकचा पाइप खात होतं, त्याच ब्रेकला हा कधी हात लावून बघत नव्हता. गाडीच्या प्रत्येक आवाजाला कान देणाऱ्या माणसाला नेमकं हेच ऐकू आलं नाही, कारण ब्रेकचा पाइप गंजताना आवाज करत नाही.

पुढची गोष्ट दोन हजार नऊच्या आसपासची. त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही मला नंतर कळलं. पण तुम्हाला मी ते आधीच सांगून टाकतो. मला जे आधी ठाऊक असायला हवं होतं ते तुम्हाला तरी असू दे.

चतुर्थीला दोन दिवस होते. पेणच्या बाजारात एक सायकलवाला अचानक आडवा आला आणि काळुरामने कधी नव्हे तो ब्रेक मारला. पायडल पार खाली गेलं. गाडी थांबली, पण उशिरा. सायकलवाला शिव्या देऊन निघून गेला. काळुराम तसाच जगन मिस्त्रीच्या गॅरेजला गेला. जगन गाडीखाली सरपटला, बॅटरीचा उजेड फिरवला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. काळुराम म्हणतो, त्याचे नुसते पाय दिसत होते आणि ते हलत नव्हते.

"पाइप खल्लाय काळुभाऊ," जगन खालूनच म्हणाला. "पापड झालाय पार. मागच्या चाकाला तर ऑइल पोचतच नाय. दोन दिवस गाडी ठेव."

"परवा चतुर्थी हाय."

"मंग चतुर्थीनंतर आण. पण तवर हलवू नको."

"उद्या रोह्याजवळ, अष्टमी गावात अकरा मूर्ती पोचवायच्या हायत. अकरा घरं हायत ती. दुसरी गाडी आता मिळल का कुठं?"

ते खरंच होतं. गणपतीच्या आदल्या दिवशी पेणात रिकामी गाडी शोधणं म्हणजे चैत्रात आमच्या नळाला पाणी शोधण्यासारखं. जगन बाहेर आला, हात पुसत हसला आणि म्हणाला, "तसा तू मूर्तीच्या गाडीला ब्रेक मारतोस कुठं?"

तो चेष्टेत बोलला. पण काळुरामला तेच ऐकायचं होतं. जगनने ब्रेकमधली हवा काढली, ऑइल भरलं, जिथे पाझरत होतं तिथे काहीतरी गुंडाळलं आणि ऑइलची एक बाटली सोबत दिली. एक-दोनदा ब्रेक लागेल, म्हणाला, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. काळुराम घरी गेला आणि चंद्रावतीला यातलं एक अक्षर बोलला नाही.

आता त्यात मी कुठून आलो? माझी मुलगी त्याच अष्टमी गावात दिलेली. सणाला तिच्याकडे जायचं होतं आणि माझ्याच खात्याच्या गाड्या चाकरमान्यांनी इतक्या भरल्या होत्या की मला दारात लोंबकळायलाही जागा नव्हती. काळुराम तिकडेच चाललाय असं कळल्यावर मी पिशवी घेऊन हमरापूरला हजर झालो. मूर्ती भरून झाल्या होत्या. हौद्यावर ताडपत्रीचं छत, खाली ढोपरभर भाताचा पेंढा, त्यात अकरा गणपती तोंडावर फडकी घेऊन बसलेले, आणि मधोमध चंद्रावती. दोन मोठ्या मूर्ती तिच्या दोन बाजूंना, त्यांच्या पाठींवर तिचे हात. दरवर्षी ती अशीच जायची. दोऱ्यांनी आवळलेली मूर्ती तडकते, माणसाच्या हाताने धरलेली तडकत नाही, असं हमरापूरकर मानतात, आणि चंद्रावतीसारखा हात पंचक्रोशीत नव्हता.

"कंट्रोलर, तुमी पुढं बसा," काळुराम म्हणाला. पुढे ड्रायव्हरखेरीज एकाचीच जागा. मधल्या जागेत जॅक, पाने आणि ती बाटली.

मी बसलो. मी का नाही म्हणू?

वडखळपर्यंत सगळं ठीक होतं. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. काळुराम एरवी गाडी चालवताना बडबडतो. त्या दिवशी नुसता पुढच्या रस्त्याकडे बघत होता. वडखळ नाक्याच्या अलीकडे त्याने गाडी कडेला लावली, बॉनेट उघडलं आणि बाटलीतलं ऑइल ओतलं. मी काचेतून बघत होतो. त्या रंगाचं ऑइल कुठे घालतात हे मला न कळायला मी काय कीर्तनकार होतो? एकतीस वर्षं मी ड्रायव्हरला लॉगशीट देताना विचारत आलो, ब्रेक बघितलास का रे. त्या दिवशी विचारलं नाही. विचारलं असतं तर गाडी परत फिरली असती, आणि मला लेकीकडे जायचं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

नागोठण्याला पोचल्यावर त्याने हायवे सोडला. पुढे हायवेची चाळण झाली होती, खड्ड्याला खड्डा लागून. त्या खड्ड्यांतून कोलाडमार्गे शाडूच्या मूर्ती नेणं शक्यच नव्हतं. रोह्याचा दुसरा रस्ता भिसे खिंडीतून. रस्ता बरा, पण मध्ये चढ आणि मग उतार. नागोठण्याच्या वेशीवर काळुराम क्षणभर थांबला आणि दोन्ही रस्त्यांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होता की हिशेब करत होता, कोण जाणे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला आणि खिंडीच्या रस्त्याला लागला.

चढ गाडीने कण्हत-कुंथत का होईना पार केला. माथ्यावर धुकं होतं आणि रस्ता ओला. उताराला लागण्याआधी काळुरामने दुसरा गिअर टाकला. इथे गाडीची एक खोड सांगायला हवी. उतारावर एंजिनने गाडी आवरून धरली की तिचा दुसरा गिअर उडायचा. दांडा आपोआप मधे यायचा आणि गाडी मोकळी सुटायची. म्हणून काळुराम उतारावर डाव्या हाताने दांडा दाबून धरायचा आणि उजव्या हाताने स्टिअरिंग फिरवायचा. हेही त्याला सवयीचं झालं होतं. जुन्या गाडीच्या खोडी माणूस सांभाळून घेत जातो, आणि सांभाळून घेता घेता त्या दुरुस्त करायच्या असतात हेच विसरतो.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर खालून एसटी आली. आमच्याच खात्याची, आणि आमच्या खात्याचा ड्रायव्हर रस्ता सोडेल अशी आशा कोणी करू नये. काळुरामला गाडी अगदी डोंगराच्या कडेला घ्यावी लागली. तिथे गटाराचं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्याचा पाय ब्रेकवर गेला. मी तो पाय बघत होतो. पायडल थेट तळाला टेकलं, मधे कुठे अडलंच नाही. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा. चिखलात पाय घालावा तसा आवाज झाला. एसटी वितभर अंतराने निघून गेली आणि तिच्या खिडकीतल्या एका बाईने गणपती बघून हात जोडले.

काळुरामचा चेहरा मी तेव्हा बघितला. रागीट नव्हता, घाबरलेलाही नव्हता, नुसता रिकामा होता. मला आधी काही कळलंच नाही. मग गाडीचा वेग वाढतोय हे पोटात कळलं.

"कंट्रोलर," तो अगदी हळू म्हणाला, "दांडा धरा. दोनी हातांनी. मी सांगंपर्यंत सोडू नका."

मी दांडा धरला. तो हातात जिवंत असल्यासारखा थरथरत होता आणि मधे यायला बघत होता. काळुरामला आता स्टिअरिंगला दोन्ही हात हवे होते. दांडा सुटला तर काय होईल हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मागे एक बाई पेंढ्यात बसली होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला गणपती आठवले नाहीत, लेक आठवली नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा दांडा माझ्या हातून सुटला तर ती बाई माझ्यामुळे जाईल.

"तिला सांगू का?" मी विचारलं. मागची काच हाताच्या अंतरावर होती.

"नको," तो म्हणाला. "ती उठून उभी राहील."

एंजिन किंचाळत होतं. काळुराम पुढच्या वळणाकडे बघायचा आणि वळण यायच्या आधीच गाडी वळवायला सुरुवात करायचा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला न जाता, आतल्या अंगाला न जाता, मधून, जणू रस्त्यावर रेघ मारलेली होती. हँडब्रेक त्याने एकदा ओढून बघितला. त्याची तार मिठाने केव्हाच धरली होती. माझे तळहात भाजल्यासारखे झाले. मला घाम इतका आला की दांड्याची मूठ निसटायला लागली, तेव्हा मी धोतराचा सोगा तिच्यावर टाकून धरली. एक मोटारसायकलवाला मागून हॉर्न वाजवत आमच्या पुढे गेला. जाताना हसला. आम्ही फार हळू चाललोय असं त्याला वाटलं असणार. आणि खरोखरच आम्ही फार जोरात नव्हतो. दुसऱ्या गिअरने गाडी धरून ठेवली होती. भीती वेगाची नव्हती, थांबता येत नाही याची होती.

शेवटचं वळण संपलं आणि खाली रस्त्यावर म्हशी दिसल्या. दहा-बारा असतील. भर रस्त्यात बसून रवंथ करत होत्या. उजवीकडे भातखाचरं, मोठ्या बांधाखाली पुरुषभर खोल. डावीकडे डोंगर. काळुरामने हॉर्न दाबला. एका म्हशीने मान वळवून बघितलं, तेवढंच.

म्हशींच्या थोडं अलीकडे डावीकडे एक कच्चा रस्ता वर चढत होता, एका वाडीकडे. काळुरामने तो केव्हा बघितला देव जाणे. त्याने स्टिअरिंग वळवलं. गाडी डांबरावरून मातीवर चढली, अगदी अलगद, आणि चढावर तिचा जोर ओसरत गेला. "सोडा," तो म्हणाला. मी हात काढले. त्याने पहिला गिअर टाकला, एंजिन बंद करायची तार खेचली, आणि गाडी एक छोटासा उसासा टाकून उभी राहिली.

पावसाची एक सर येऊन काचेवर वाजली आणि गेली.

मागे चंद्रावती खाली उतरल्याचा आवाज आला. तिने नेहमीप्रमाणे एक धोंडा शोधला आणि मागच्या चाकाखाली लावला. कोणी सांगितलं नव्हतं, पण चढावर गाडी थांबली की ते काम तिचं. मग हात झाडत ती माझ्या खिडकीशी आली. केसांत पेंढ्याच्या काड्या, तोंडभर हसू.

"बघितलंत कंट्रोलर भाऊ? गाडी अशी चालवतात. आख्ख्या खिंडीत एक डाव ब्रेक नाय मारला. एकाचं पन बोट हाललं नाय. लोणी आणावं तसं आणलंय देवांना." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हशींसाठी वळवलीत ना? मला वाटलंच."

काळुराम खाली उतरला.

"मारला होता ब्रेक," तो म्हणाला. "लागला नाय."

ती हसली. चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं, उतरायचं विसरल्यासारखं.

"कवापासून?"

आत्ताच गेला, एवढं तो म्हणाला असता तर संपलं असतं. मीही मान डोलावली असती. तो तेच म्हणेल अशी मी वाट बघत होतो. खोटं बोलून बायकोला धीर देणारे नवरे मी स्टँडवर रोज बघायचो, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. पण काळुरामला ते जमलं नाही.

"काल जगनने सांगितलं. पाइप खल्लाय म्हणून. गाडी हलवू नको म्हणाला."

"काल?"

"व्हय."

चंद्रावती ओरडली नाही. तिने एकदा हौद्याकडे बघितलं, जिथे पेंढ्यात तिच्या बसण्याचा खळगा अजून दिसत होता. मग केबिनकडे बघितलं, मी बसलो होतो त्या जागेकडे.

"मंग मला पुढं का नाय बसवलंत?"

काळुरामने तोंड उघडलं. "मूर्ती..." एवढंच म्हणाला. मी खाली मान घातली. मी तिच्या जागेवर बसून आलो होतो, आणि वडखळलाच मला कळलं होतं.

वाडीतून एक म्हातारी खाली आली. गणपतीची गाडी दारी आली म्हणून तिला कोण आनंद. तिने तांब्याभर पाणी आणलं होतं. काळुरामने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो चंद्रावतीपुढे धरला.

"पानी पी गो," तो म्हणाला.

"मला नको," चंद्रावती म्हणाली. "आज हरताळका हाय."

म्हातारी कौतुकाने म्हणाली, "अगो व्हय की. पाण्याचा थेंब नाय घ्यायचा आज." तिने एकदा काळुरामकडे बघितलं आणि अशी बायको मिळालेल्या नवऱ्याकडे बघतात तसं हसली.

हा उपास कोणाच्या आयुष्यासाठी धरायचा असतो, हे तिथे कोणाला सांगायला नको होतं. काळुरामने तांब्या म्हातारीला परत दिला. मग तो गाडीच्या चाकाला टेकून मातीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याचं सगळं अंग हलत होतं, एंजिन बंद करताना गाडी हलते तसं.

चंद्रावती त्याच्याजवळ गेली नाही. ती हौद्यात चढली, मूर्तींच्या तोंडावरची फडकी एक-एक करून नीट केली, विस्कटलेला पेंढा सारखा केला. मग तिथूनच मला म्हणाली,

"भाऊ, तुमच्या लेकीला फोन लावा. त्या अकरा घरच्या माणसांना इथं यायला सांगा म्हणावं. मूर्ती हातांत घेऊन जाऊ दे. दिवेलागणीच्या आत पोचल्या पायजेत."